फुकट लागणारा नंबर

मेणाने बरबटलेली बोटं फडक्याला पुसत तिने फोन स्पीकरवर टाकला आणि कवळ्या बनवायच्या टेबलावरच्या साच्यांना टेकवून उभा केला. ही तिसरी कंपनी. पलीकडचा विक्रेता अगदी मधात घोळवून बोलत होता.

"टोल-फ्री नंबर म्हणजे विश्वास, मॅडम. ग्राहक फुकट फोन करणार, पैसे तुम्ही भरणार. फोन इंटरनेटवरून तुमच्या मोबाईलवर येतो, म्हणून आमचा दर सगळ्यांत कमी. व्यवसायाचं नाव काय लिहू?"

"व्यवसाय नाही. घरचाच नंबर हवाय."

"घरचा? कशासाठी, मॅडम?"

"आईचा फोन यावा म्हणून."

पलीकडे तो उगाचच हसला. तिला त्याचा राग आला नाही. हे वाक्य बोलताना तिला स्वतःलाच शिसारी आली होती.

कोपऱ्यात जेवत बसलेला नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. काहीही बिघडलं की त्याला विनोद सुचायचा. "सासूबाईंचा फोन यायला कंपनी काढावी लागते, हे नवीनच," तो म्हणाला. तिने नुसतं वळून पाहिलं आणि त्याने मुकाट्याने पुढचा घास घेतला.

आई दादाकडे राहायची, दादाच्या रंगाच्या दुकानावरच्या खोल्यांत. घरात फोनची लाइन एकच, एक फोन वर आणि एक खाली. येणारा फोन वाजायचा तो खालच्या दुकानात, दादाच्या कोपराशी. तिने कधीही केला तरी दादाचं उत्तर ठरलेलं, "आई झोपलीय." चोवीस तास झोपायला आई काय तान्हं बाळ होती? आणि वरच्या फोनवरून लावावा म्हटलं, तर त्याला दादाने कुलूप घातलेलं. गॅसची तक्रार, बँकेची चौकशी, असे फुकटचे नंबर तेवढे लागायचे. हे त्याने स्वतःच सांगितलं होतं, वर मखलाशी केली होती, "मी काय करू गं? तुझ्या वहिनीला बिलाचा फार घोर. घरातलं सगळं तीच बघते."

तेव्हापासून वहिनी तिच्या डोक्यातच गेली होती. वहिनीचा मोबाईल कित्येक महिने बंद. भाव खाते, दुसरं काय! सख्ख्या सासूचं तोंड बांधून ठेवणारी बाई नणंदेचा फोन कशाला उचलेल? तिची आठवण आली तरी तोंडाला कडू चव यायची. मग एकदा कवळी घासता घासता तिच्या डोक्यात आलं, फुकटचेच नंबर लागतात ना? मग आपणच फुकटचा नंबर व्हायचं.

पहिल्या कंपनीचा नंबर लावला की आधी एक बाई लाडिक आवाजात सांगायची, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. तो आवाज काढता येणार नाही म्हणे. आईने ते ऐकून घाबरून फोन ठेवला असता. दुसरी कंपनी दर मिनिटाला वेगळे पैसे लावणार होती, आणि आई एकदा बोलायला लागली की शेजारणीच्या मांजरीच्या बाळंतपणापर्यंत जायची.

"तुमच्यात तो बाईचा आवाज नाही ना?" तिने विचारलं.

"हवा असेल तर टाकून देतो, मॅडम."

"खबरदार टाकलात तर. आणि आकडे सोपे द्या. म्हातारीच्या तोंडात बसायला हवेत."

"सोप्या आकड्यांना जास्तीचे पडतात."

"मग कुणी न घेतलेले, पण म्हणता येतील असे द्या."

तो एकेक नंबर वाचत गेला. ती डोळे मिटून तोंडातल्या तोंडात घोळवत होती. एक नंबर पाढ्यासारखा सरळ म्हणता आला. तोच तिने घेतला.

पुढच्या भेटीत ती आईच्या पलंगावर तिला खेटून बसली. दादा खाली गिऱ्हाइकात होता. चहा ठेवला तरी वहिनी गेली नाही. दाराजवळची फळी पुसत राहिली. स्वच्छ फळी, लख्ख, तरी पुसतेच आहे. पाळत ठेवते मेली! तिने पाठ फिरवून आईच्या कानात नंबर सांगितला. आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिने तो चांगला मोठ्याने म्हणून दाखवला. फळीवरचं फडकं थांबलं. तिला वाटलं, झालं, केली माती.

त्यानंतर फोन आला नाही. रोज दुपारी ती मोबाईल साच्यांना टेकवून काम करायची आणि दात बसवता बसवता वहिनीचा उद्धार करायची. नवरा म्हणायचा, अगं, त्या कवळ्या घालणाऱ्यांच्या तोंडून शिव्या बाहेर पडतील.

एका दुपारी तो नंबर वाजला. तिने मेणाच्याच हातांनी उचलला.

"आई?"

पलीकडे नुसता श्वास.

"आई, बोल ना गं. पैसे पडत नाहीत तुला."

"वन्सं, मी आहे."

"तुम्ही? आई कुठंय?"

"जिन्यात उभ्या आहेत. हे वर आले तर कळावं म्हणून." वहिनीचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "त्यांनीच लावून दिला. मी नको म्हणत होते. म्हणाल्या, आधी तू बोल."

ती खुर्चीवर बसली. 'घरातलं सगळं तीच बघते' हे दादाचं वाक्य तिला आठवलं, आणि ते आपण कसं गटकन गिळलं होतं तेही. तोंडातली कडू चव तीच होती, पण आता ती थुंकायची कुणावर?

"तुमचा मोबाईल...?"

"तो यांच्याकडे असतो. माझ्या भावाला निरोप द्याल? इथून त्याचा नंबर लागत नाही."

"सांगा."

वहिनीने नंबर सांगितला. तिला तो पाठ होता. एकदाही अडखळली नाही. इकडे तिने मेणाच्या पट्टीवरच टोकदार हत्याराने आकडे कोरून घेतले.

"काय सांगू त्यांना?"

"सांगा, मी बरी आहे."

"बरं."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. खाली दुकानात कुणीतरी डबा आपटला. जिन्यातून आईचा खोकला ऐकू आला.

"वन्सं."

"हं."

"तसं नका सांगू."