एक बोट सैल

ओट्याशी पाय सरकून बायको फरशीवर बसली, तेव्हा शिंपीमास्तरांना वाटलं, त्यात काय, हात दिला की उठेल. त्यांनी हात दिला, पण ती उठली नाही. मग काखेत हात घालून ओढलं, तर ती जागची हलली नाहीच, उलट मास्तरच तिच्या अंगावर पडता पडता वाचले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या मांड्या लटलट कापायला लागल्या. शेवटी खिडकीतून खालच्या न्हाव्याला हाक मारावी लागली.

न्हावी खांद्यावरच्या टॉवेलसकट वर आला. त्याने तिला अलगद उठवून खुर्चीत बसवलं आणि जाता जाता म्हणाला, "मास्तर, कापड बरं दिसतंय हो तुमचं, पण अस्तर गेलंय."

न्हावी मास्तरांपेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. ते वाक्य मास्तरांच्या मनात विसरलेल्या टाचणीसारखं राहिलं. बसावं तर टोचे, उठावं तर टोचे.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीन महिन्यांवर होतं आणि मुलगी दूर राहत होती. "बाबा, ऑपरेशननंतर सहा आठवडे तिला धरून उठवावं लागेल. तुम्हाला झेपणार नसेल तर मी तिला इकडे नेते. तुम्ही राहाल ना एकटे?"

मास्तर "बघू" म्हणाले. बेचाळीस वर्षांत ती दोघं आठ दिवससुद्धा एकमेकांवाचून राहिली नव्हती. तिचं चिडणं ऐकल्याशिवाय त्यांना सुईत दोरा ओवता येत नसे.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. वजनाच्या काट्यावर उभं राहताना त्यांची मान ताठ होती. "लग्नात होतं तेवढंच आहे बघा. अन् पँट तीस वर्षं एकाच मापाची. मीच शिवतो."

"वजन तेवढंच आहे, काका," बाई कागद बघत म्हणाल्या, "पण आतल्या आत अदलाबदल झालीय. मांड्यांमधले स्नायू गेलेत आणि तेवढीच चरबी पोटात येऊन बसलीय. साखरही वर सरकतेय. जेवणातून येणारी साखर जास्त करून स्नायू उचलतात. तेच आटले तर ती रक्तातच राहणार."

"पण माझी पँट..."

"पँटमधलं मला कळत नाही. हाताची घडी घाला आणि या खुर्चीवरून उठा, बसा. अर्ध्या मिनिटात किती होतात बघू."

सहा झाल्या. सातव्याला मास्तर अर्धे उठले आणि धपकन खाली बसले.

"तुमच्या वयाला बारा तरी व्हायला हव्यात. रोज हेच करा, जेवणानंतर चाला, चहातली साखर सोडा, अंडी, डाळी वाढवा. स्नायू या वयातही वाढतात, काका. फक्त ते घाई ऐकत नाहीत."

घरी येऊन मास्तर तीनदा गॅलरीत गेले, तीनदा आत आले. मशीनवर बसले, उठले. शेवटी त्यांनी आपली सगळ्यात जुनी तपकिरी पँट कपाटातून काढली आणि उलटी करून उजेडात धरली. कमरेच्या मागच्या शिवणीत जादा कापड ठेवलेलं असतं. तिथे जुन्या टाक्यांची भोकं दिसली. एक नाही, चार ओळी होत्या, शेजारी शेजारी, पुराचं पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहतात तशा. म्हणजे कंबर चारदा सोडली होती. मांड्यांची शिवण मात्र आत घेतलेली. टाका बारीक आणि किंचित तिरका होता. हा टाका त्यांनी हजारांत ओळखला असता.

"अगं, हे काय आहे?"

काजं करत बसलेल्या बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "शिवण आहे. मास्तर ना तुम्ही?"

"कधीपासून चाललंय?"

"तुमच्या साठीपासून. दोन वर्षांनी एक बोट. नवी शिवलीत तरी काज-बटणाला माझ्याकडेच येते की."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत!" तिने सुई टोचून ठेवली. "नवी नवरी होते मी. म्हणालात, जुन्या गिऱ्हाइकाचा वाढलेला आकडा मोठ्यानं सांगायचा नाही. वहीत जुनाच ठेवायचा आणि गुपचूप एक बोट सैल शिवायचं. माणसाला आरशात सुख हवं असतं. तुम्ही तर दर रविवारी आरशापुढे उभे, 'बघ, सूतभर फरक नाही!' मग मी काय तोंड घेऊन सांगू?"

आपल्याच कात्रीने आपलंच बोट कापलेल्या माणसाने ओरडायचं कोणावर?

बायकोने दुखरा गुडघा दाबला. हळूच म्हणाली, "चुकलंच माझं. मला वाटलं, नुसती कंबर आहे."

त्या दिवसापासून घरात एक खुर्ची कामाला लागली. एक शिवण झाली की दहा उठा-बशा. जेवलं की पंचवीस मिनिटं चालणं. सकाळी दोन अंडी, चहा बिनसाखरेचा, जो मास्तर औषधासारखा डोळे मिटून पीत. पण मनाला चैन नव्हतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते टेप घेऊन मांडी मोजत. टेप आवळली की आकडा रुसायचा, ढिली सोडली की हसायचा, आणि चाळीसहून जास्त वर्षं मापं घेतलेल्या कारागिराला कळेना की यातलं खरं माप कोणतं. पंधरवड्यात वजन किलोभर वाढलं, तेव्हा ते तडक डॉक्टरीणबाईंकडे धावले.

"काटा सोडा, काका. उठून दाखवा."

आठ झाल्या.

घरी बायकोने सगळ्या टेपा आपल्या पिशवीत कोंबल्या. "आता मोजायचं काम माझं." ती खुर्चीसमोर बसली आणि मोजू लागली. "आठ... नऊ... हे नाही धरणार, अर्धंच होतं. पुन्हा."

"अगं, थोडं सांभाळून घे की."

"आठ वर्षं तेच केलं. पुन्हा उठा!"

खालून न्हावी ओरडे, "मास्तर, किती झाल्या?" आणि बायको खिडकीतून खरा आकडा सांगे. सगळ्या गल्लीला मास्तरांच्या मांड्यांची खबर होती. त्यांना लाज वाटे, आणि त्या लाजेनेच ते दोन बैठका जास्त काढत.

ऑपरेशनला आठवडा राहिला. मुलीचा फोन आला, "काय ठरलं? तिकीट काढू का?"

"पाच मिनिटं थांब," मास्तर म्हणाले. फोन टेबलावर ठेवून त्यांनी बुटकं स्टूल ओढलं. "बस."

बायको बसली. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसे ते अगदी जवळ उभे राहिले, गुडघे वाकवले, तिच्या कमरेला बांधलेला आधाराचा रुंद पट्टा धरला. तिने हात त्यांच्या खांद्यांवर टाकले. एक, दोन, तीन, आणि ती उभी राहिली.

मास्तरांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "खरं सांग. तू किती जोर लावलास?"

"लावला. चांगल्या पायाचा. एक बोटभर."

"पुन्हा बस."

"अहो, पुरे की..."

"आता सैल नको. अंग सोडून बस."

ती बसली. तिने अंग सोडलं, आणि मास्तरांना कळलं की तिचं खरं वजन त्यांनी आजवर कधी पेललंच नव्हतं. अर्ध्यावर ते थांबले, कपाळाची शीर उभी राहिली. खाली न्हाव्याच्या कात्रीचा आवाज येत होता. हाक मारली असती तर तो आला असता. मास्तरांनी हाक मारली नाही. टाचा रोवल्या, श्वास सोडला आणि उचललं. ती वाकडी उठली, सावकाश उठली, दोघंही कपाटाला धडकली. पण उठली.

बायकोने धापा टाकतच फोन उचलला. "तिकीट काढ, पण तुझं. यायचं तर तूच ये इकडे." पलीकडून मुलगी काहीतरी विचारत होती. "हो, त्यांनीच. नाही गं, या खेपेला मी काही केलं नाही."

मग तिने पिशवीतून टेप काढली आणि त्यांच्या कमरेभोवती टाकली. मास्तरांनी सवयीने पोट आत घेतलं. तिने टेपेने हलकेच चापटी मारली, त्यांनी पोट सोडलं. तिने आकडा मोठ्याने सांगितला, खाली ऐकू जाईल इतका. मास्तरांनी वही उघडून तीस वर्षांचं माप खोडलं आणि नवं लिहिलं.

आकडा त्यांना आवडला नाही. वही मिटायच्या आधीच ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले होते.

"मोज," ते म्हणाले.