चहाच्या किटलीनं घेतलेली टेकडी

मित्रांनो, दुसरं महायुद्ध मी जिंकून दिलं. मी एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे. पण हा दावा माझ्याहून कमी काम केलेल्यांनीही केलेला आहे, तेव्हा माझाही ऐकून घ्या.

इंग्रजांच्या कारखान्यात मी घडले आणि इटलीतल्या एका टेकडीखाली, पलटणीच्या भटारखान्यात पोचले. तिथं धुळ्याकडचा धुडकू पाटील माझ्यात चहा उकळायचा. हल्ल्याच्या पहाटे तो मला घेऊन पुढच्या जवानांकडे निघाला आणि मागून आपल्याच दोस्तांच्या तोफेचा गोळा आखूड पडला. धुडकू जागीच संपला. मला नुसता पोचा आला.

दुपारी टेकडी हाती आली. धुडकूच्या एका सोबत्यानं मला वर नेलं. इंग्रज, अमेरिकन, पोलंडवाले, आपले, सगळे माझ्यातलाच चहा प्यायले. पुढे इंग्रजांच्या पुस्तकात ती टेकडी इंग्रजांनी घेतली, अमेरिकेच्या सिनेमात अमेरिकनांनी. बाकीचे त्यात फार तर खेचरं हाकताना दिसतात. आपल्याकडे पुस्तकच निघालं नाही, म्हणून इतकी वर्षं आपण खरं बोलत होतो.

त्याच सोबत्यानं मला धुडकूच्या घरी पोचवलं आणि तो कसा मेला तेही सांगितलं. त्याची मुलगी मंगलाबाई. तिनं बाप पाहिलाच नाही. लग्नानंतर ती मला सुरतेला, डिंडोलीत घेऊन आली. कितीतरी वर्षं मी यंत्रमागावरच्या कामगारांना चहा पाजला. माझ्या चहाची तारीफ व्हायची. मग थर्मास आला आणि मी माळ्यावर गेले.

यंदा सोसायटीनं पंधरा ऑगस्टला धुडकूचा गौरव ठरवला. भाषण शालिग्रामभाऊंचं. त्यांचा धंदा कापड मार्केटात: इथल्याच भेस्तानच्या मागावर विणलेल्या साडीला बनारसचं लेबल लावायचं. हात बसलेला आहे. मंगलाबाईनं त्यांना एवढंच विनवलं, की बाप कसा मेला ते खरं सांगा. आजवर चारचौघांत कोणी ते बोललेलं नाही. भाऊ हो म्हणाले.

मंचावर त्यांनी धुडकूच्या हाती मशीनगन दिली, गोऱ्यांना झुडपात लपवलं आणि टेकडी एकट्या खानदेशाकडून घेववली. शिट्ट्या पडल्या. मंगलाबाई काठी टेकत उठली आणि तिनं माईक धरला.

"मना बाप चहा लई जाये. आपलीच तोफना गोळा लागना, तठेच मरी गया."

तिचा नातू योगेंद्र दातओठ खात पुटपुटला, पण माईक चालू होता.

"बस ने आजी. लोक व्हिडिओ उतारतात. माझी पण काही इज्जत आहे."

शालिग्रामभाऊंनी माईक हळूच काढून घेतला. "वय झालं, असं होतं. आजीसाठी जोरदार टाळ्या."

टाळ्या खरंच जोरदार झाल्या. मंगलाबाईला कमी ऐकू येतं. तिला वाटलं, लोकांना पटलं. तिनं हात जोडले.

कार्यक्रम संपल्यावर भाऊंनी मला सोसायटीच्या कपाटासाठी मागितलं. मंगलाबाई सोडेना. योगेंद्रनं तिची बोटं एकेक करून सोडवली. आता मी काचेमागे असते. माझ्यावर चिठ्ठी आहे: 'जर्मनांकडून हिसकावलेली किटली'.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांना आतून धुवा, बाहेरून काहीबाही चिकटवू नका.

आणि त्या टेकडीचं म्हणाल, तर मी वर जाऊन आले आहे. तिथं जर्मन नव्हतेच. ते आदल्या संध्याकाळीच निघून गेले होते.