लशीच्या पेटीतून काय आलं

मी एक पेटी आहे. निळी, जाड भिंतींची, जनावरांची लस थंड ठेवायची सरकारी पेटी. झाकणावर पांढऱ्या रंगात दवाखान्याचं नाव होतं, आता त्यातलं ‘पशु’ एवढंच वाचता येतं. आजवर मी कुणाशी काही बोलले नाही. आज बोलते, कारण जे घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याइतकं कुणीच पाहिलेलं नाही.

कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघाले आणि ट्रकमधून भंडाऱ्याला आले. तिथून सिहोऱ्याच्या पुढच्या एका गावी, जनावरांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. तिथं सुगत हा पशुधन पर्यवेक्षक होता. त्यानं मला धुतलं, उन्हात वाळवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोटरसायकलच्या मागं बांधलं. त्यानंतरची नऊ वर्षं मी त्याच्या पाठीशीच होते.

माझ्यातून बैलांची लाळ्या-खुरकुताची लस गेली, शेळ्यांची गेली, पावसाळ्याआधी घटसर्पाची गेली. धानाच्या बांध्यांमधून आमची गाडी येताना दिसली की लोक जनावरं सोडून आणायचे. माणसांची एक सवय मी तेव्हा पाहिली. सुई टोचणाऱ्या सुगतकडं कुणी फारसं बघत नसे, सगळे झाकण उघडलं की माझ्या आत डोकावत. आत काय आहे ते कळत नसे, पण थंड वाफ तोंडावर आली की त्यांना बरं वाटे.

तुळसाबाईही अशीच डोकावायची. गावाच्या टोकाला तिचं घर. नवरा डोमा राइस मिलमध्ये हमाल, शिवाय चांगला आचारी. बचत गटातून मिळालेल्या चार पांढऱ्या पिलांपासून तिनं डुकरांचा कोठा उभा केला होता. त्या चारांतली एक गोरी. मोठी झाली, तीनदा व्याली, आणि तुळसाबाईच्या मागं मागं विहिरीपर्यंत जायला लागली. तुळसाबाई घमेलं वाजवायची आणि सगळा कोठा धावत यायचा.

“आले का सुगतभाऊ? बसा, च्या मांडते. गोरीले आधी टोचा, थे घाबरत नाई. मंग बाकीचे बी घाबरत नाई.”

असं सगळं ठीक चाललं होतं.

मग नदीपलीकडच्या राज्यात डुकरं मरायला लागली. तिकडून हुकूम, इकडून हुकूम. बाहेरून डुकरं आणायची नाहीत, डुकराचं मटणही आणायचं नाही, ताजं नाही की वाळवलेलंही नाही. पुलाजवळ एक मंडप, एक टेबल आणि आडवा बांबू असा नाका उभा राहिला. सुगतची ड्यूटी तिथं लागली. हुकुमाचे कागद गावोगाव चिकटवायचं काम दवाखान्याचा परिचर कैलाश याच्याकडं होतं. पीठ कालवून त्यानं ते स्वतःच्या हातानं चिकटवले.

नाक्यावर लोक हसायचे. एक टेम्पोवाला म्हणाला, “साहेब, मेलेलं मटण कोणाले चावते का?”

“माणसाले नाई चावत, बापा,” सुगत म्हणाला. “माणसाले काहीच होत नाई. पण तुकडाभर कच्चं मटण डुकराच्या पोटात गेलं का खेळ खलास. बर्फात ठेवा नाही तं वाळवा, रोग त्यात महिनोन् महिने जिता राह्यते. अन् याची लस नाई.”

तो रोज दहा-वीस वेळा हेच सांगायचा. सांगताना कंटाळायचा नाही. दोनदा त्यानं मटणाची खोकी पकडली, खड्डा खणून चुना टाकून पुरली. लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

त्या शनिवारी कैलाशनं विचारलं, “साहेब, उद्या पेटी नेऊ का? तलावाच्या पारीवर दोस्तांचा कार्यक्रम आहे. थंडं पाणी ठेवाले होईल.”

“ने. पण धुऊन आण.”

मला अशी मागणी नवी नव्हती. बारशाला, साक्षगंधाला, क्रिकेटच्या सामन्याला मी गेलेली आहे. सरकारी वस्तू गावाची, असंच सगळे धरतात. पण त्या रविवारी कैलाश मला आधी तलावावर न नेता पूल ओलांडून पलीकडं घेऊन गेला. तिकडच्या एका दुकानात मटण स्वस्त मिळत होतं. डुकरं पटापट मरत होती, म्हणून लोक ती कापून विकत होते. माझ्यातले बर्फाचे थर बाजूला सारून त्यानं मटण भरलं, वर पुन्हा बर्फ ठेवला.

परत येताना नाक्यावर सुगत होता.

“काय रे कैलाश, तिकडून कुठून?”

“बर्फ आणाले गेलतो साहेब. आपल्याकडचा संपला.”

मागं दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. सुगतनं पुढं येऊन माझ्या झाकणावर थाप मारली, घरच्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि बांबू वर केला. त्यानं झाकण उघडलं असतं तर! नऊ वर्षांत त्यानं मला हजारदा उघडलं होतं. त्या एका वेळी उघडलं नाही, कारण मी त्याची होते.

तलावावर रांधायला डोमाला बोलावलं होतं. मटण कुठून आलं हे त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. साफ करताना निघालेलं कातडं, चरबी आणि धुवण पोरं फेकायला निघाली तेव्हा तो म्हणाला, “फेकू नोका रे. घरी लेकरं आहेत माये.” डुकरांना तो लेकरं म्हणतो हे सगळ्यांना ठाऊक, सगळे हसले. त्यानं बादली भरून घेतली.

कैलाशनं मला हापशीवर धुतलं आणि सोमवारी जागेवर ठेवलं.

नवव्या दिवशी तुळसाबाईचा फोन आला. गोरी उठत नव्हती. सुगत नाक्यावरून थेट दवाखान्यात आला, मला गाडीला बांधलं आणि निघाला.

गोरी कोठ्याच्या कोपऱ्यात पडून होती. अंग तापलेलं, पांढरे कान जांभळे पडलेले. पिलं तिच्या पोटाशी तोंडं घुसळत होती आणि दूध येत नव्हतं. मला पाहताच तुळसाबाई धावत आली.

“आणली न लस? मी याईले म्हणतच होती, भाऊ येतीन तं पेटी घेऊनच येतीन.”

सुगतनं झाकण उघडलं. तिनं नेहमीसारखं आत डोकावून पाहिलं. आत बर्फ होता आणि रिकाम्या काचेच्या नळ्या.

“याची लस नाई, तुळसाबाई. रक्त न्याले आणली पेटी.”

“कायले न्याचं रक्त? तिच्या अंगात आधीच कमी आहे.”

त्यानं रक्त घेतलं, नळ्या माझ्यात ठेवल्या. गोरी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मागोमाग तिची दोन पिलं गेली.

नळ्या लांबच्या प्रयोगशाळेत गेल्या, तिथून उत्तर आलं आणि पाठोपाठ हुकूम आला. एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची. आजारी असो की धडधाकट.

पांढरे प्लास्टिकचे अंगरखे घातलेली माणसं आली. मारायची औषधं माझ्यात होती. त्यांना थंड ठेवायची गरज नव्हती, पण दवाखान्यात दुसरी पेटी नव्हती.

“जे खाऊन-पिऊन राहिले त्याईले तं सोडा, सुगतभाऊ,” तुळसाबाई म्हणाली. “तुमीच टोचलं आहे त्याईले लहानपणी.”

“माया हातात नाई, तुळसाबाई. आज खाऊन राहिले, उद्या पडतीन. अन् मंग बाजूच्या गावातले पडतीन.”

पांढऱ्या कपड्यांना पाहून डुकरं बिथरली. माणसं फासे घेऊन, काठ्या घेऊन मागं लागली. कोठाभर किंकाळ्या. डोमा रस्त्यावर जाऊन पाठ करून बसला. बराच वेळ हे चाललं. शेवटी तुळसाबाईला ते पाहवेना.

“काठ्या नोका मारू,” ती म्हणाली. “मी बोलावते.”

तिनं घमेलं उचललं आणि वाजवलं. सगळी डुकरं वळली आणि तिच्याकडं धावत आली. एकेकाला ती मानेवर खाजवत राहिली आणि सुगत सुई लावत गेला. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. शेवटचं पिलू झालं तेव्हाही ती घमेलं वाजवतच होती. सुगतनं हात धरून ते थांबवलं.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या अंगणात सुगत मला औषधाच्या पाण्यानं धूत होता. झाकणाची रबरी पट्टी त्यानं ओढून काढली. खाली वाळलेलं रक्त होतं आणि त्यात चिकटलेले तीन-चार काळे राठ केस. तुळसाबाईची डुकरं सगळी पांढरी. नळ्या तर पक्क्या बंद होत्या. त्यानं कैलाशला हाक मारली.

कैलाशनं लपवलं नाही. “एक डाव पुलापलीकडं नेली साहेब, मटण आणाले. माणसाले काही होत नाई म्हणून तुमीच तं सांगत होते.”

“डुकराले होते म्हणूनबी सांगत होतो.”

“आमी कुठं डुकरं पाळतो?”

सुगत दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाच्या घरी गेला. मीही गाडीवर होते, सवयीनं त्यानं मला बांधलं असावं. डोमा रिकाम्या कोठ्यात चुना टाकत होता.

“साहेब, एक सांगा,” त्यानं विचारलं. “आमी तं बाहेरून काहीच आणलं नाई. मंग रोग आला कोठून?”

सुगतला गप्प राहता आलं असतं. तो म्हणाला, “माया पेटीतून आला, डोमाभाऊ. कैलाशनं पुलापलीकडून मटण आणलं त्यात. नाक्यावर मीच होतो. मी उघडून पायलं नाई.”

त्याला वाटलं असेल, डोमा अंगावर येईल. शिव्या देईल. आपलं मन मोकळं होईल. पण डोमानं चुन्याची पाटी खाली ठेवली.

“तलावावरचं मटण?”

“हो.”

“मंग ते कातडं...” तो म्हणाला. “ते तं मी घातलं. माया हातानं.”

तुळसाबाई दारात उभी होती. तिनं दोघांचं ऐकलं. ती नवऱ्याकडं पाहत राहिली आणि आत गेली. डोमा पुढं आठवडाभर मिलमध्ये गेला नाही. मग तो कामासाठी गाव सोडून गेला, तो दिवाळीलाही आला नाही. सुगतनं खरं सांगितलं, त्याचा उपयोग एवढाच झाला.

सुगतनं सगळं लिहून वर दिलं. चौकशीत कैलाश म्हणाला, पेटी साहेबांनीच दिली. ते खोटं नव्हतं. सुगतला घरी बसवलं. नाक्यावर काही दिवस नुसती खुर्ची होती, मग तीही उचलली. पुढच्या महिन्यात आणखी तीन गावांत पांढरे अंगरखे गेले.

मी आता दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहे. अंगावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी. कैलाश झाडायला येतो, माझ्याभोवतीनं झाडू फिरवतो, मला हात लावत नाही. नवी पर्यवेक्षक मुलगी आली आहे, रीता नावाची, चांगली आहे. तिच्यासाठी नवी पेटी आली, माझ्यासारखीच निळी.

परवा तुळसाबाई आली होती. तिनं एक शेळी पाळली आहे. उघड्या दारातून मला ती दिसत होती. रीता म्हणाली, “बरं केलं आणली. लस आहे आज,” आणि तिनं नव्या पेटीचं झाकण उघडलं. तुळसाबाई पुढं झाली नाही. आत डोकावली नाही. पेटीकडं बघत बघत मागं सरली.

“नाई बाई, राहू द्या,” ती म्हणाली आणि शेळीला ओढत घेऊन गेली.

ती लस चांगली होती. शेळीला खरंच हवी होती. पण हे तिला कुणी सांगावं? रीताचं ती ऐकत नाही, आणि माझं तर कोण ऐकणार?

माझं एकच मागणं आहे. मला जाळून टाका. पण सरकारी वस्तू जाळायला ती नोंदवहीतून कमी केल्याचा, निर्लेखनाचा कागद लागतो, आणि तो वरून अजून आलेला नाही.