न पुसलेली बंदूक

शनिवारी सकाळी माइते एचार्ट नेमबाजी क्लबाच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ट्वायला हॅसब्रुक फळ्यावरचा जुना आकडा पुसून नवा लिहीत होती. अकरा हजार चारशे गोळ्या. त्याच्याखाली अडीच वर्षांत एकदाही न बदललेली ओळ होती: साफसफाई, शून्य वेळा.

"तुमच्या बंदुकीनं माझी झुरी घालवली," माइते म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. हातात चादरीत गुंडाळलेली बंदूक होती आणि डोळे रडून रडून सुजलेले.

ट्वायलाच्या हातातला खडू तसाच राहिला. शेगडीपाशी कॉफी पीत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. मेरिट कॉइल टेबलावर निशाण्याचे कागद लावत होता, त्याने मात्र मान वर केली नाही. ते ट्वायलाला नंतर आठवलं.

आता ही बंदूक काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. डावखुऱ्या माणसाला बंदुकांच्या जगात कुत्रं विचारत नाही. सगळ्या बंदुका उजव्यांसाठी. गोळी सुटली की रिकामी पुंगळी उजवीकडून बाहेर उडते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून. त्यात बुलपप असेल तर बघायलाच नको. तिची सगळी यंत्रणा चापाच्या मागे, थेट गालाखाली. लांबीला आटोपशीर, पिकअपमध्ये, खोगिरावर, कुठेही मावणारी, पण डावखुऱ्याचा गाल भाजणारी. ट्वायला जन्माची डावखुरी. तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तीस वर्षं गालावर गरम पितळ खाल्लं. मग ही नवी बंदूक बाजारात आली. पुंगळ्या खाली टाकणारी, आणि किंमत दुसऱ्या बुलपपच्या निम्मी. क्लबातले लोक हसले. "प्लास्टिकचं खेळणं आहे ते! वर्षभरात हातात तुकडे येतील," म्हणाले. तिला बुटकी नाव त्यांनीच ठेवलं.

ट्वायलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टिकते की नाही ते मी दाखवते," म्हणाली. दर शनिवारी शंभर गोळ्या. बंदूक उघडायची नाही, पुसायची नाही, फक्त फटीतून दोन थेंब तेल. अडकली की थांबायचं आणि जो आकडा असेल तो छापायचा. क्लबाच्या पत्रिकेत तिने सदर सुरू केलं आणि बघता बघता ते ऑरेगनच्या बाहेर, आयडाहो, नेवाडापर्यंत वाचलं जाऊ लागलं. ट्वायला घरी गुपचूप साफ करते असं कुणी म्हणू नये म्हणून बंदूक ती घरी नेतच नसे. क्लबाच्या कपाटात कुलपात ठेवायची, किल्ली मेरिटकडे. वर बंदूक उघडायची जी खीळ असते, तिच्यावर तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. कुणी उघडली तर ठिपका तडकणार! आयुष्यात कधी नखं न रंगवलेल्या बाईने त्यासाठी मुद्दाम बाटली आणली होती.

आणि मेरिट म्हणजे कोण? सैन्यात वीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेला माणूस, क्लबाचा व्यवस्थापक, ट्वायलाच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिलेला. कपाटाची किल्ली त्याच्याकडे आहे म्हणजे बँकेत आहे, असं ती म्हणायची.

"नीट सांग, पोरी," ट्वायला म्हणाली. "बस आधी."

"बसत नाही मी." माइतेने चादर सोडली. "मंगळवारी उजाडताना प्यूमा आला. थेट मेंढ्यांत. झुरी त्याच्या अंगावर गेली. मी पळत बाहेर आले. पहिली गोळी हवेत झाडली, दोघं अंगात अंग घालून होते ना. दुसरी झाडायला गेले तर पुंगळी आतच अडकून बसलेली. ओढली, आपटली, शिव्या दिल्या. हलेना! शेवटी दगड मारून हाकलला त्याला. तोवर झुरीचा गळा..." झुरी म्हणजे तिची पांढरी मेंढपाळ कुत्री, नऊ वर्षांची. अख्ख्या खोऱ्यात तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं.

"देवा रे," ट्वायला म्हणाली. आणि पुढच्याच क्षणी तिच्या तोंडून जे गेलं त्याची तिला नंतर जन्मभर लाज वाटायची होती. "पण तू काहीतरी केलं असशील तिला. माती गेली असेल. भलतीच काडतुसं वापरली असशील."

"तुम्ही लिहिलेलीच काडतुसं! तुम्ही लिहिलंत तेवढंच तेल! पुसायची नाही म्हणालात, नाही पुसली. दोन वर्षांत दीड हजार गोळ्या झाल्या असतील फार तर."

ट्वायलाने माइतेची बंदूक टेबलावर घेतली, रिकामी आहे याची खात्री केली आणि खीळ काढून उघडली. आत बघवत नव्हतं. पिस्टनवर काजळीचा जाड थर, तव्याच्या बुडासारखा. गोळीमागचा गॅस पिस्टनपर्यंत नेणारं भोक बुजत आलेलं. पुंगळी धरून ओढणारी जी लहानशी नखी असते, तिचं टोक उडालेलं. दीड हजार गोळ्यांत!

"आता तुमची उघडा," माइते म्हणाली.

"माझी उघडायची नसते. चाचणी मोडेल."

"माझी कुत्री मेलीय, बाई."

पुढच्या महिन्यात बारा हजार होणार होते आणि त्या दिवशी मोठा मेळावा ठरला होता. ट्वायलाने एकदा फळ्याकडे पाहिलं. उघडली तर अडीच वर्षांची मेहनत तिथेच संपणार. पण तिला मनातून खात्री होती की आपली बंदूक काळीकुट्ट असेल आणि तरीही ठणठणीत असेल. पोरीचं तोंड बंद करायला तेवढं पुरे होतं. खरं सांगायचं तर तिने ती हट्टाने उघडली, दयेने नव्हे.

"किल्ली दे, मेरिट."

"अगं, आज कशाला? मेळावा होऊ दे, मग बघू. पोरगी दुःखात आहे, तिला कॉफी दे आधी."

"किल्ली दे म्हणते ना."

त्याने दिली. बंदूक टेबलावर आली. लाल ठिपका जिथल्या तिथे, तडा नाही, ओरखडा नाही. ट्वायलाने तो माइतेला दाखवला, चांगला बोट ठेवून दाखवला. मग नखाने खरवडला आणि खीळ ओढली.

पिस्टन लखलखत होता.

काजळी होती, नाही असं नाही. गेल्या दोनतीन शनिवारांची असावी इतकी पातळ, बोटाने पुसता आली. गॅसचं भोक स्वच्छ. नखी कोरी करकरीत, अजून कडेचा निळसर रंगही उतरला नव्हता. अकरा हजार चारशे गोळ्या झाडलेली बंदूक अशी दिसत नसते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काजळी वाढली की गॅसची खिट्टी हळूहळू उघडत न्यावी लागते, असं कंपनीच्या पुस्तिकेत छापलं होतं. तिची खिट्टी अडीच वर्षांत एक घर हलली नव्हती. त्याचं कौतुक तिने सदरात तीनदा केलं होतं! मूर्ख बाई, तेव्हाच कळायला हवं होतं तुला, असं तिने स्वतःला मनातल्या मनात झोडपलं.

"नेलपॉलिश कुठून आणलंस?" तिने विचारलं. आवाज इतका शांत की तिचा तिलाच ओळखू येईना.

मेरिटने हातातले कागद सरळ केले, पुन्हा सरळ केले. "व्हेल गावातून. बाटलीवरचा नंबर बघून ठेवला होता. दुकानातल्या मुलीला सांगितलं, बायकोला हवंय."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. महिन्यादीडमहिन्यातून एकदा. नखी दोनदा बदलली. ट्वायला, ऐक माझं..."

"पहिल्यांदा कधी?"

"चौदाशेला. शुक्रवारी सहज चार गोळ्या झाडून बघितल्या, दोन पुंगळ्या अडकल्या. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर झाडणार होतीस. ते सगळे टपून बसले होते गं, तुला हसायला. मला नाही बघवलं. म्हटलं, एकदाच पुसू. मग दुसऱ्यांदा पुसावी लागली. मग थांबायचं कसं तेच कळेना."

"चौदाशे," ट्वायला म्हणाली. "अरे, चौदाशे हा काय वाईट आकडा होता? एवढ्या स्वस्त बंदुकीला? मी लिहिलं असतं, दर पाचशेला पुसा, जन्मभर साथ देईल. ते खरं झालं असतं! चांगली बंदूक आहे ती, मेरिट. तिला खोट्याची गरजच नव्हती. गरज तुला होती. तुला वाटलं, म्हातारी तोंडघशी पडली तर तिला सोसणार नाही."

"तुझ्या भल्यासाठीच केलं मी."

"माझं भलं मी तुला कुलपात ठेवायला दिलं नव्हतं. बंदूक दिली होती."

आता माइतेने मेरिटकडे वळून विचारलं, "तुमच्या लेकीकडे, कोरिनकडेही हीच आहे ना? तीपण डावखुरी आहे."

मेरिट पुन्हा कागद सरळ करू लागला.

"कोरिन पुसते का?" ट्वायलाने विचारलं. "मेरिट. पोरगी पुसते का तिची बंदूक?"

"दर पाचशेला," मेरिट म्हणाला. "मी सांगितलं होतं तिला."

शवपेटीला खांदा देणाऱ्या माणसाने असा केसाने गळा कापावा! स्वतःच्या लेकीला खरं सांगितलं आणि बाकीच्या जगाला ट्वायलाच्या तोंडून खोटं पाजलं. तिने शेगडीकडे पाहिलं. एकाही म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दोघंही कपात बघत बसले होते.

"तुम्हालाही माहीत होतं?"

एकाने घसा खाकरला. "आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे. म्हणजे तुमचं दोघांचं ठरलेलं असेल. सगळ्यांनाच तसं वाटायचं गं."

सगळ्यांनाच! म्हणजे अडीच वर्षं ती दर शनिवारी त्या फळ्यावर आकडा लिहीत होती, पाठीमागे सगळा क्लब तिला खोटारडी समजत होता, आणि वर टाळ्या वाजवत होता. हसले असते तर बरं झालं असतं. हसणं तिला सवयीचं होतं.

माइतेने आपली बंदूक पुन्हा चादरीत गुंडाळली. दारात थांबून म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही भांडाल. मी भांडायच्या तयारीनं आले होते." आणि गेली. तिच्या पिकअपचा धुरळा बराच वेळ रस्त्यावर दिसत होता.

मेरिट म्हणाला, "मी लिहितो पत्रिकेत. सगळं माझ्या नावावर घेतो."

"पत्रिका दोन महिन्यांनी निघते," ट्वायला म्हणाली. "आणि नाव माझं छापलं होतं. तू आता माझ्यासाठी काहीही करायचं नाहीस. कधीही." तिने फळा भिंतीवरून उतरवला, बंदूक उचलली आणि बाहेर पडली. किल्ली टेबलावरच राहिली.

घरी एका खोक्यात त्रेचाळीस पत्रं होती. त्रेचाळीस डावखुरे. तुमचं वाचून बंदूक घेतली, आभारी आहोत, असं लिहिणारे. खाली पत्ते, फोन नंबर. रविवारी दुपारी चर्चहून आल्यावर तिने ती जेवणाच्या टेबलावर मांडली. काय बोलायचं ते एका कागदावर लिहून घेतलं: माझी फसवणूक झाली, माझ्या विश्वासातल्या माणसाने माझ्या नकळत बंदूक साफ केली, तुमची ताबडतोब उघडून पुसा. चारपाच वेळा मोठ्याने वाचून पाहिलं. शब्द न शब्द खरा होता.

पहिला नंबर आयडाहोतल्या एका म्हाताऱ्याचा. दुसऱ्याच घंटीला त्याने उचलला.

"कोण? ट्वायला हॅसब्रुक? ती बंदुकवाली? अहो बाई, काय सांगता! थांबा, टीव्ही बंद करतो." खुर्ची करकरली. "तुमचा तो लेख मी कपाटाच्या दारावर चिकटवलाय, माहितीये? तुम्ही सांगितलंत तश्शी ठेवलीय बंदूक, एकदासुद्धा चिंधी लावली नाही. नातीला दिली ती. आमच्याकडे मी एक डावखुरा आणि ती एक. मेंढ्या घेऊन वर डोंगरात गेलीय, एकटीच. यंदा लांडगे फार झालेत वर. तिची आई घाबरत होती, मी म्हटलं, अगं, अकरा हजार गोळ्या न पुसता चालते ती, बाईंनी स्वतः झाडल्यात! तेव्हा कुठे सोडलं तिला. बोला, कशासाठी फोन केलात?"

"तिला फोन लागतो का वर?"

"छे, तिथे कुठला फोन! बर्फ पडायच्या आत उतरेल खाली. तीन आठवडे आहेत अजून. का हो?"

कागद समोरच होता. माझी फसवणूक झाली, हे पहिलं वाक्य. ट्वायलाने ते वाचायला तोंड उघडलं आणि तिला ते वाचवेना. ही त्या म्हाताऱ्याच्या कामाची गोष्टच नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "तुमच्याकडे पेन असेल तर घ्या आणि ती कुठल्या डोंगरावर आहे तो रस्ता मला सांगा. मी आत्ता निघते. मी लिहिलं होतं ते खोटं होतं."