शार्कचा दात आणि मिटलेले डोळे

तावेउनी बेटावरच्या एका गावाचं सभागृह खिडक्यांपर्यंत भरलं होतं. चमत्काराने दुखणी बरी करणाऱ्या आपाकुकीबाबांनी प्रार्थना सांगत नेटबॉल खेळणाऱ्या आकानिसीला दुखऱ्या पायावर उभं केलं; ती धप्पकन पडली. मग त्यांनी तिच्या घोट्याला शार्कचा दात बांधला. "आता या शंखाकडे बघ, पोरी." ती खांबासारखी उभी राहिली. गाव गहिवरलं. संध्याकाळी पाद्रीबुवांनी डुगडुगत्या टेबलाच्या पायालाही दात बांधला.

नर्स विलिसीला मात्र हसू येईना. दोन वर्षांत पाच वेळा मुरगळलेला तो घोटा तिच्याच देखरेखीखाली होता. शनिवारी नेटबॉलचा अंतिम सामना, आणि आकानिसीने बाबांच्या सांगण्यावरून व्यायाम सोडून घोट्याचा पट्टा समुद्रात फेकला होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दात सोडून पुन्हा तोच प्रयोग केला, तेव्हा विलिसीने आयुष्यात पहिल्यांदाच प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. पडताना आकानिसीचे डोळे मिटलेले होते, गावाचेही. दात बांधल्यावर सगळ्यांचे उघडे.

"बाबा, आता तुम्ही उभे राहा," विलिसी म्हणाली. "तुमच्या गळ्यात तर सतरा दात आहेत. प्रार्थना मी सांगते. बाकीच्यांनी डोळे मिटायचे नाहीत."

बाबांनी हवामानाचं कारण काढलं, पण गाव ऐकेना. डोळे मिटून त्यांनी पाय उचलला, दोनदा हात फडफडवले आणि यांगोना हे गढूळ पेय भरलेल्या लाकडी परातीत बसले.

मग विलिसीने आकानिसीच्या घोट्याचा दात सोडला, हातात कसाव्याचा उकडलेला कंद दिला आणि समोर बघायला सांगितलं. ती तशीच ताठ उभी राहिली.

"म्हणजे सिस्टर, कसावाही पावतो?" एका आजीने विचारलं.

"डोळे उघडे असले की काहीही पावतं, आजी."

पुन्हा पुन्हा मुरगळून सांध्याचे बंध सैल पडतात, पाय कुठे टेकलाय याची घोट्याची जाणीव बोथट होते, विलिसीने समजावलं. मग तोल डोळ्यांवर येतो. ती जाणीव सरावानेच परतते.

"आणि शनिवार?" आकानिसीने विचारलं.

"शनिवारी तू बाकावर. सामने पुन्हा येतील, घोटा दुसरा मिळणार नाही."

आकानिसी रडली. पण रविवारपासून ती चर्चमध्ये भिंतीला हात पुरेल अशी, डोळे मिटून, एका पायावर उभी राहू लागली. पाद्रीबुवांची लांबलेली प्रार्थना प्रथमच कुणाच्या कामी आली.

प्रार्थना खुशाल डोळे मिटून करा. चमत्कार दाखवला जात असेल, तर मात्र उघडे ठेवा.