काचेआडचं ऊन

मी एक जुनी पाणकासवीण आहे आणि माझा स्वभाव वाईट आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. बाकी मैत्री वगैरे काही नाही हं आपली. तुमच्यातल्या कितीजणांनी काचेवर टकटक करून मला दचकवलंय, ते चांगलं लक्षात आहे माझ्या.

दुकानात विकायला आले तेव्हा मी बिस्किटाएवढी होते, हिरवीगार, डोळ्यामागे लाल पट्टा. "हे एवढंच राहतं," असं दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा. चक्क थाप! आज मी जेवणाच्या ताटाएवढी आहे.

मला घेतलं एका काचवाल्यानं. खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर तो. लेकीच्या सातव्या वाढदिवसाला त्यानं मला घरी आणलं. लेकीला सगळे ठकी म्हणतात. खाली दुकान, वर घर, आणि दुकानात तसबिरींना चौकटी करायला ठकीची आत्या. काचवाला नाकावर माशी बसू देणार नाही असला माणूस. काचेचं कुठलंही काम आणा, गोल आणा, वाकडं आणा, हा म्हणणार, "न जमायला काय झालं?"

माझी टाकी त्यानंच केली. थेंब गळेल तर शपथ! पाणी मात्र काठोकाठ, कारण अर्धी टाकी त्याला दरिद्री दिसायची. ती त्यानं ठेवली दुकानाच्या दर्शनी खिडकीत, त्याच्याच हातच्या भल्यामोठ्या काचेमागे. तिथे दिवसभर ऊन. "बंगल्यात राहते ती," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

डोंबलाचा बंगला! आम्ही मासे नाही, मित्रांनो. पोहून झालं की आम्हाला कोरड्या दगडावर चढून पाठ शेकायची असते, पाय पसरून वाळायचं असतं. मला चढायला वीतभर जागा नव्हती. मी पोहून पोहून दमायचे आणि काचेवर नखं घासायचे. "नाचतेय बघा!" म्हणून आत्या हसायची आणि बक्षीस म्हणून पावाचा तुकडा टाकायची. तो पाव पाण्यात नासायचा आणि तेच पाणी माझ्या पोटात जायचं. एकदा काचवाल्यानं टाकी पुसायला हात आत घातला, तेव्हा त्याच्या अंगठ्याला मी कडकडून चावले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

अशी चार वर्षं गेली. एक दिवस ठकीनं टाकी धुवायला मला उचललं आणि तिचं बोट माझ्या पाठीत रुतलं.

"बाबा, हिची पाठ मऊ झालीय. ओल्या पुठ्ठ्यासारखी!"

कवच मऊ पडणं म्हणजे तुमची हाडं मऊ पडण्यासारखंच. मी खाणं सोडलं होतं, मागचे पाय उचलत नव्हते. मी मरायला टेकले होते, सरळ सांगते.

"भलतंच काहीतरी," काचवाला म्हणाला. "दिवसभर उन्हात तर असते. हात लावून बघ, चटका बसतो."

ठकीनं मला बादलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाप कुरकुरत मागून आला. बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"ऊन कुठलं मिळतं हिला?"

"खिडकीतलं. भरपूर," काचवाला म्हणाला.

"खिडकीला काच आहे?"

"आहे म्हणजे? माझ्या हातची आहे!"

"मग हिला ऊब मिळाली, ऊन नाही. उन्हातला जो भाग हाडं घट्ट करतो, तो काच अडवते. हिला उघडं ऊन द्या, नाहीतर त्यासाठीचा खास दिवा. वर चढायला कोरडी जागा, पालेभाजी, मासळी. पाव बंद. औषध मी देते, पण असंच ठेवलंत तर महिना काढायची नाही ही."

काचवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वीस वर्षं काचा बसवतोय मी, बाई. मला नका शिकवू."

घरी येऊन त्यानं अबोला धरला. ठकी म्हणाली, "खिडकीची काच काढा, बाबा." आत्या म्हणाली, "अगं, काचवाल्याच्याच दुकानाला काच नाही? लोक तोंडात शेण घालतील!" ठकीनं ताट सरकवलं. "ती जेवत नाही तोवर मीही जेवणार नाही." मी तळाशी पडून त्याच्याकडे बघत होते. मरायचंच असेल तर ह्याचं एक बोट तोडून मरावं, एवढा मला त्याचा राग आला होता.

चौथ्या सकाळी तो पटाशी घेऊन आला. चौकटीच्या कडेची वाळलेली लांबी, म्हणजे काच पक्की बसवायचा लगदा, त्यानं खरवडून काढली, खिळे उपटले, काच दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवली आणि तिथे जाळी ठोकली. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय हो, गिऱ्हाईक मिळेना म्हणून स्वतःचीच विकलीत का?" टाकीतलं निम्मं पाणी उपसून त्यानं आत एक खडबडीत फरशी तिरकी लावली, वरचं टोक टाकीच्या उघड्या काठाशी येईल अशी, म्हणजे टाकीची काचही मधे नको.

मी चढायला गेले आणि घसरले. पुन्हा घसरले. त्यानं हात पुढे केला, मी तोंड उघडलं, त्यानं हात मागे घेतला. तिसऱ्यांदा चढले. चार वर्षांनी माझ्या पाठीवर खरं ऊन पडलं. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

कवच घट्ट व्हायला वर्ष गेलं. वाकडी झालेली बाजू वाकडीच राहिली. मधे आत्या म्हणाली होती, "तळ्यात सोडून देऊ या." डॉक्टरीणबाई कडाडल्या, "खबरदार! ही इथल्या पाण्यातली नाही, तिथल्यांच्या तोंडचा घास काढेल. आणलीत ना? मग सांभाळा आता वीस-पंचवीस वर्षं."

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दुकानात आले. "अश्शीच टाकी हवी. लेकाला छोटंसं कासव घेतोय. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवू, काठोकाठ भरून."

"कोपऱ्यात ऊन येतं?" काचवाल्यानं विचारलं.

"नाही, पण शोभून दिसेल."

काम चांगलं होतं. आत्या डोळ्यांनी खुणावत होती, घे म्हणून.

"ती टाकी मला जमत नाही," काचवाला म्हणाला.

"असं कसं? ही तुम्हीच केलीत ना?"

"केली. तेव्हाही जमली नव्हती."

मी फरशीवर बसून ऐकत होते. माफ केलेलं नाही मी त्याला. आजही हात आत घालील तर चावेन. पण तुम्हाला सांगते, मित्रांनो. दुकानात इवलंसं कासव बघून तुमचा जीव हरखेल, मोठी माणसंही म्हणतील, घेऊ या की. तेव्हा उघडं ऊन, कोरडी जागा, स्वच्छ पाणी आणि पुढची तीस वर्षं तुमच्यापाशी आहेत का बघा. नसतील तर लाजू नका. मला जमत नाही म्हणा आणि घरी जा.