किटलीवाल्या काकांचा पाचवा प्रश्न

वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात शेवटच्या वर्षाची चौदा मुलं स्पॅनिश शिकायची. साधंसुधं नाही, वरच्या पातळीचं. नमस्कार-चमत्कार, बाजारात जाऊन टोमॅटो मागणं, हे सगळं कधीच मागे पडलेलं. आता वादात बाजू घ्यायची, वर्तमानपत्रातला लेख उलगडून सांगायचा, अनोळखी माणसाशी गप्पा मारायच्या. वर्गाच्या उंबरठ्यावर बाईंनी खडूची एक रेघ ओढलेली होती. रेघेच्या आत दुसरी भाषा आणायची नाही. भूक लागो, शिंक येवो, रुसवा येवो, जे काय असेल ते स्पॅनिशमध्ये. मुलं रेघेबाहेर एक पाय ठेवून पोटभर कुजबुजून घ्यायची आणि मग शहाण्यासारखी आत यायची. बाईंना ते दिसायचं, पण दिसल्याचं त्या दाखवायच्या नाहीत. तेवीस वर्षं शिकवल्यावर माणसाला कुठे डोळेझाक करायची तेही कळतं.

वर्षाअखेरीला बोलण्याची परीक्षा असायची. समोर माणूस नाही, यंत्र. कानांवर हेडफोन चढवायचे. आतला आवाज मित्राने विचारावं तसं पाच वेळा काहीबाही विचारणार आणि दर वेळी उत्तराला वीस सेकंद देणार. वीस सरली की टिंग. मग तुम्ही वाक्याच्या मध्यावर असा नाहीतर श्वासाच्या, तो आवाज तुमची पर्वा न करता पुढे निघणार.

या टिंगपुढे वर्गातली एक मुलगी हटकून हरायची. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं कुलूप. गंमत अशी, की चिडवायचं तर स्पॅनिशमध्येच चिडवायला हवं, आणि कुलपाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते एकालाही येईना. तेव्हा तिनेच उठून तो शब्द फळ्यावर लिहून दिला होता, वळणदार अक्षरात. निबंधात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण यंत्राने विचारलं, की ती मनात वाक्य जुळवायची, पुसायची, पुन्हा मांडायची, त्याला जरा झिलई द्यायची. नवरी नटून बाहेर येईतो मांडव उतरवलेला. टिंग.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि सोमवारी सुट्टीत कुलूप बाईंच्या टेबलाशी आली. हातात नाव मागे घेण्याचा अर्ज. बाईंची सही हवी होती, मुदत शुक्रवारपर्यंत. बाईंनी तिला खुणेनेच रेघेबाहेर नेलं. काही गोष्टी घरच्या भाषेतच बोलाव्या लागतात.

तिथे व्हरांड्यात तिने खाली मान घालून सांगितलं, की आई नर्स आहे, तीन-तीन पाळ्या करते, तिला आणखी एका नापास कागदाचं ओझं नको. आईच म्हणाली होती, जमत नसेल तर सोडून दे, पण रडत बसू नकोस. आणि ही परीक्षा सोडली की पुढचं भाषांतराचं शिक्षणही सुटणार होतं. तिथे हिच्याशिवाय दारातही उभं करत नव्हते. ते तिला ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं. दोघींनी ते बोलून दाखवलं नाही.

बाईंनी अर्ज घडी घालून वहीत ठेवला. शुक्रवारी बघू म्हणाल्या. कुलूप वळली, दोन पावलं गेली, परत आली.

"बाई, एक विचारू? तुम्ही किटलीवाल्या काकांचं का नाही लावत?"

बाईंनी वही मिटली.

"ताई होती ना तुमच्या वर्गात, सहा वर्षांपूर्वी. ती सांगते, त्या काकांशी कुणीही बोलायचं. माझ्यासारखा दगडसुद्धा."

"ते खराब झालंय," बाई म्हणाल्या.

खराब काही झालेलं नव्हतं. टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या शब्दकोशाखाली, होतं तसं होतं.

किटलीवाले काका म्हणजे बाईंचे यजमान. शाळेजवळच्या चौकात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पंधरा वर्षांपूर्वी वर्गासाठी सरावाचं रेकॉर्डिंग लागलं, विकतचं परवडण्यासारखं नव्हतं, आणि बाईंना पुरुषाचा आवाज हवा होता. स्टुडिओची डार्करूम गावातली सगळ्यात शांत जागा, जाड पडद्यांची. तिथे लाल दिव्याखाली दोघं बसली. त्यांना स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंनी पाचही प्रश्न आपल्या लिपीत, अक्षर न् अक्षर फोडून लिहून दिले. पण गडी असा, की अर्थ कळल्याशिवाय तोंड उघडेना.

"मास्तरीणबाई, मला पोपट करू नका. काय विचारतोय ते तरी सांगा."

मग बाईंनी एकेका प्रश्नाचा अर्थ सांगितला. सेकंदं मोजायला घड्याळ लागलंच नाही. आयुष्य अंधारात फोटो धुण्यात गेलेलं. मांडीवर बोटाने ठोका धरून ते मोजायचे, आणि त्यांचे वीस म्हणजे वीसच. चौथ्या प्रश्नानंतर मागच्या खोलीतल्या किटलीने शिट्टी घातली. पुन्हा सगळं वाचायला त्यांनी साफ नकार दिला. किटलीही राहिली, त्यांचं नावही पडलं.

आणि पाचव्या प्रश्नाला ते चुकले. प्रश्न होता, रविवारी मी मोकळा आहे, येशील माझ्याबरोबर? कुठे जायचं ते तूच ठरव. यानंतर वीस सेकंदं थांबून फक्त 'बरं, भेटू मग' एवढंच म्हणायचं होतं. ते थांबले ते थांबलेच. बाईंनी मनगटावर बोट आपटून खुणावलं, डोळे मोठे केले, तेव्हा कुठे ते भेटू मग म्हणाले. चौतीस सेकंदं. बाहेर आल्यावर बाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. फोटो धुताना असे चौदा सेकंद चुकलात तर काय होईल? ते म्हणाले, तर माणूस काळा ठिक्कर पडेल. आणि कप विसळायला गेले.

पुढे वर्षानुवर्षं ते रेकॉर्डिंग लागलं, की संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न. आज किती जण आले माझ्याबरोबर? बाई सांगायच्या, नऊ आले, तिघांना काम आहे, एकीची आई पाठवत नाही. ते हसून हसून बेजार. रविवारी स्टुडिओ बंद असायचा. गळ्यात कॅमेरा अडकवून ते निघायचे, दारात थोडे रेंगाळायचे. बाईंसमोर वह्यांची चळत असायची. पुढच्या रविवारी, बाई म्हणायच्या, मान वर न करता.

दीड वर्षापूर्वी ते गेले. तेव्हापासून वर्गात विकतचे, घोटीव आवाज वाजत होते. बाईंनी खालचा खण उघडला नव्हता. घरी त्यांचा शर्ट हाताळता येत होता, चष्मा पुसता येत होता. पण त्यांचा आवाज प्रश्न विचारणार आणि त्यानंतर शांतता पडणार, ती शांतता ऐकायची छाती होत नव्हती.

गुरुवारी शाळा सुटली. अर्ज वहीत तसाच होता. सही करणं म्हणजे एक रेघोटी, काय जातंय? बाईंनी पेन उघडलं, बंद केलं. मग खाली वाकल्या, शब्दकोश उचलला आणि व्हरांड्यात जाऊन कुलपाला हाक मारली. ती बसथांब्याकडे निघाली होती, धापा टाकत जिने चढून आली.

हेडफोन लावायचे नाहीत, बाईंनी सांगितलं. त्यांनी ते रेकॉर्डिंग मोकळ्या वर्गातच लावलं, दुपारच्या उन्हात, रिकाम्या बाकांसमोर, आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आवाज आला. जाडसर, प्रत्येक अक्षरावर पाय देऊन चालणारा, चुकीच्या जागी जोर देणारा. बाईंनी खिडकीचा गज धरला.

पहिल्या प्रश्नाला कुलूप गप्प. दुसऱ्याला एक शब्द. तिसऱ्याला वाक्याचा अर्धा तुकडा. चौथ्याला किटली शिट्टी घालू लागली आणि तिला हसू फुटलं, उत्तर त्यातच वाहून गेलं. मग पाचवा. येशील माझ्याबरोबर?

वर्ग शांत झाला. बाईंच्या पाठीमागे कुलूप वाक्य जुळवत असणार, पुसत असणार. नकळत बाईंचं बोट गजावर ठोका धरू लागलं. अठरा, एकोणीस, वीस. टिंग नाही. एकवीस. आवाज पुढे गेला नाही. तो तिथेच होता, त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. बावीस, तेवीस.

"येईन," कुलूप स्पॅनिशमध्ये म्हणाली. "बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ. रोज बसवर ते नाव वाचते. पण मी आधीच उतरते."

बरं, भेटू मग, आवाज म्हणाला.

बाई वळल्या नाहीत. थोड्या वेळाने मागून पावलं वाजली. मुलगी रेघेपलीकडे जाऊन उभी राहिली होती, म्हणजे तिला घरच्या भाषेत काही सांगायचं होतं. बाई दारापर्यंत गेल्या.

"मला वाटलं, आता टिंग होणार. झालीच नाही. ते थांबले होते, बाई."

"ती चूक आहे," बाई म्हणाल्या. "मोजायला चुकले ते. वीस हवी होती."

कुलपाने जरा विचार केला. बाकीची चारही बरोब्बर वीस होती म्हणाली, तिला सवयच लागलीये मनात मोजायची. मग अगदी हळू म्हणाली,

"चुकलेले नाही वाटले. वाट बघत होते. कोण होतं हो समोर?"

बाईंना लाल उजेड आठवला. दोन स्टुलं, मध्ये कागद. कागद पाठ झाला होता म्हणून तो माणूस कागदाकडे बघतच नव्हता. ज्याच्या हातून उभ्या जन्मात एक फोटो काळा पडला नाही, तो म्हणे चौदा सेकंद चुकला. आणि समोरची मास्तरीण मनगटावर बोट आपटत होती.

"मी होते," बाई शेवटी म्हणाल्या. "माझे यजमान होते ते."

मुलीने 'होते' ऐकलं. तिने सांत्वनाचं काही जुळवायला घेतलं असावं, ओठ हलले. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिची सुटका केली. मग वहीतला अर्ज काढून तिच्या हातात दिला. सही नव्हती.

"उद्या यायचं. रोज यायचं, शाळा सुटल्यावर. हा कागद तुझ्याकडेच ठेव, नाव कापायला मी काही सही करणार नाही. तुला फाडावासा वाटेल तेव्हा फाड."

परीक्षेतलं यंत्र कुणासाठी थांबणार नव्हतं, हे बाईंना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता एक नक्कल काढली, आणि रोज सकाळी तिच्यातल्या पाचव्या प्रश्नानंतरची दोन सेकंदं कापली. चौतीसची बत्तीस, बत्तीसची तीस. कापताना ती शांतता पुन्हा पुन्हा ऐकावी लागायची. पहिल्या दिवशी पदर डोळ्यांना लागला. चौथ्या दिवशी नुसतं ऐकलं. सातव्या दिवशी वीस उरली, आणि कुलूप सतराव्या सेकंदाला बोलून मोकळी झाली होती. पुढे ती बाकीच्या चारही प्रश्नांना बोलू लागली, तोडकंमोडकं, झिलईबिलई न करता. बाईंना वाटलं पोरीला पत्ता नाही. जाताना ती रेघेवरून म्हणाली, तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, पण काकांची गंमत कशाला घालवा.

मग एके दिवशी मूळ रेकॉर्डिंग सगळ्या वर्गाला ऐकवलं. किटलीला चौदा जण खदाखदा हसले. पाचव्या प्रश्नाला दहा जण तयार झाले, तिघांना काम होतं, आणि ज्याला सगळे वकील म्हणायचे त्याने विचारलं, जेवणाची सोय आहे का, ते आधी ठरू दे. संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी किल्ली ठेवली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून सांगून टाकलं. दहा. आणि एकाचं जेवणावर अडलंय.

परीक्षेच्या दिवशी शिक्षकांना बाहेर बसवतात. बाई बाकावर बसून बोटाने मांडीवर मोजत राहिल्या. कुलूप बाहेर आली ती घामाघूम. म्हणाली, पाचही बोलले. शेवटचं वाक्य टिंगने खाल्लं.

"खाऊ दे," बाई म्हणाल्या. "वाक्य होतं म्हणून खाल्लं."

निकालाला दोन महिने होते. अर्ज मात्र तिने त्याच व्हरांड्यात फाडला, बारीक बारीक, आणि तुकडे खिशात घालून घेऊन गेली. आईला दाखवणार होती म्हणे.

त्या रविवारी सकाळी टेबलावर छत्तीस वह्या होत्या. बाईंनी त्या एका बाजूला सरकवल्या, पायांत चपला घातल्या, दारात थोड्या रेंगाळल्या. मग रोजच्याच बसमध्ये बसल्या आणि रोजच्या थांब्यावर उतरल्या नाहीत. घरं विरळ होत गेली. गोदामं आली, मग गवत. शेवटी बस एका गोल मोकळ्या जागेत वळून थांबली आणि ड्रायव्हर नळावर तोंड धुवायला गेला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. एक बाक, एक झाड, आणि खूप आकाश. यजमानांना ते आवडलं असतं. उजेड चांगला होता.

बाई बाकाच्या एका कडेला बसल्या, जागा सोडून. ड्रायव्हरने येऊन विचारलं, बाई, कुणाची वाट बघताय का, परतीची बस पंधरा मिनिटांत सुटेल. त्यांनी मान हलवली. तो गेल्यावर त्या आपल्याशीच, रेघेच्या आतल्या भाषेत, हळूच म्हणाल्या,

"आज एकच आली. जरा उशिरा आली."